हळदीच्या पट्टीचा प्रोग्रॅम कोणाचा?

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत मराठी नाटक उभं केलं, म्हणून हे गाव नाट्यपंढरी. पण भारताच्या कॉपीराइट कायद्यात नाटक ‘साहित्यकृती’त मोडत नाही, नाट्यकृतींचा वर्ग वेगळा आहे. साहित्यात मोडतो तो मार्केट यार्डातल्या आडत दुकानातला प्रोग्रॅम. हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, छापणारा हा प्रोग्रॅम कायद्याच्या लेखी कविता-कादंबरीच्या रांगेत बसतो.

१९५७च्या कायद्यात ही सोय १९८४च्या दुरुस्तीने झाली. १९९४च्या दुरुस्तीने प्रोग्रॅमची व्याख्याही दिली: संगणकाकडून ठरावीक काम करून घेणाऱ्या सूचनांचा संच, मग तो शब्दांत असो, सांकेतिक खुणांत असो वा यंत्रालाच वाचता येईल अशा रूपात. व्याख्येतला हा शेवटचा तुकडा फार महत्त्वाचा. प्रोग्रॅमर लिहितो तो सोर्स कोड माणसाला वाचता येतो. कंपायलर त्याचं रूपांतर शून्य-एकच्या मालिकेत करतो आणि दुकानाच्या संगणकात सहसा तेवढीच मालिका पोहोचते. जे कोणी वाचतच नाही, ते साहित्य कसं?

हा वाद अमेरिकेत अ‍ॅपल आणि फ्रँकलिन या कंपन्यांमध्ये रंगला. फ्रँकलिनने अ‍ॅपल-२ वरचे प्रोग्रॅम चालतील असा संगणक बाजारात आणला आणि त्यासाठी अ‍ॅपलची ऑपरेटिंग सिस्टिम उचलली. पुरावा शोधायला लांब जावं लागलं नाही. अ‍ॅपलच्या एका प्रोग्रॅमरचं नाव फ्रँकलिनच्या डिस्कवर जसंच्या तसं सापडलं! फ्रँकलिनने नक्कल नाकारली नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की यंत्राच्या भाषेतल्या आणि चिपमध्ये कोरलेल्या सूचनांना कॉपीराइट लागू होत नाही. १९८३ साली अपील न्यायालयाने ते फेटाळलं. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या करारातही तेच आलं: सोर्स असो वा ऑब्जेक्ट कोड (यंत्राच्या भाषेतलं रूप), प्रोग्रॅमला साहित्यकृतीचंच संरक्षण.

संरक्षण आहे ते लिहिण्याला, कल्पनेला नाही. वजन गुणिले दर, त्यातून हमाली-तोलाई वजा, उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या हाती. हा हिशेब कोणाच्या मालकीचा नाही. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमरने दुकानातला प्रोग्रॅम चालताना पाहिला आणि तसाच हिशेब करणारा स्वतःचा कोड बसून लिहिला, तर तो चोर ठरत नाही. विकत घेतलेला प्रोग्रॅम चालवून, तपासून त्यामागची तत्त्वं समजून घ्यायला कायदा स्पष्ट मुभा देतो. पेटंट घेऊन हिशेबाची पद्धतच अडवून ठेवायची म्हटलं, तर आपल्या पेटंट कायद्याचं ३(के) हे कलम आड येतं. नुसता प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदम यांना तिथे जागा नाही.

लिहिणं कुठे संपतं आणि काम कुठे सुरू होतं, हे मात्र दर वेळी इतकं सोपं नसतं. गूगलने अँड्रॉइडसाठी जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या सुमारे साडेअकरा हजार ओळी जशाच्या तशा घेतल्या. जावाची मालक कंपनी ओरॅकलशी त्यावरून दहा वर्षांहून जास्त भांडण चाललं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलचा वापर रास्त ठरवला. त्या ओळींना मुळात कॉपीराइट मिळतो का, या प्रश्नाला मात्र त्यांनी शिताफीने बगल दिली.

यार्डातल्या माणसाला भेडसावणारा प्रश्न वेगळाच असतो. ओळखीच्या इंजिनिअर पोराकडून पैसे मोजून प्रोग्रॅम करून घेतला, मग मालक कोण? बहुतेक आडते म्हणतील, आम्हीच. कायदा तसं म्हणत नाही. पोरगा पगारी नोकर असेल आणि नोकरीचा भाग म्हणून त्याने कोड लिहिला असेल, तर वेगळा करार नसताना मालकी दुकानाची. पण तो बाहेरचा असेल, ठोक रकमेवर काम केलं असेल, तर पहिला मालक तोच. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याची असते. प्रोग्रॅमला ती सवलत नाही. हक्क दुकानाकडे यायला हवा असेल, तर लेखी आणि पोराच्या सहीचं हस्तांतरण लागतं. त्यात मुदत घातली नाही तर पाचच वर्षं धरली जातात. असा कागद नसेल, तर तोच कोड तो शेजारच्या गाळ्यालाही विकू शकतो, यात पोराची लबाडी नसते. नोंदणीचं म्हणाल तर ती सक्तीची नाही, कोड लिहिला की हक्क आपोआप जन्मतो. आणि तो टिकतो लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं! दर दोन-तीन वर्षांनी बदलावा लागणाऱ्या मालाला ही मुदत मला तरी हास्यास्पद वाटते.

रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची प्रत, मूळ हरवली-बिघडली तर असावी म्हणून, जपून ठेवणं गुन्हा नाही. चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणं हा मात्र गुन्हा आहे. सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी किंवा कमाईसाठी वापर नसेल, तर न्यायालय कैद टाळू शकतं. दुकानातल्या संगणकाला ती पळवाट नाही.

हस्तांतरणाचा कागद झाला तरी सोर्स कोडची फाइल पोराच्याच लॅपटॉपमध्ये राहते, कारण ती हवाली करावी असं हस्तांतरणाचं कलम सांगत नाही. म्हणून सोर्स कोड कधी आणि कोणत्या रूपात द्यायचा, हे त्याच कागदावर वेगळं लिहून घ्यावं लागतं.