दोन डायोनिसियस: अथेन्सचा सभासद आणि त्याच्या नावाने लिहिणारा ग्रंथकार

‘ईश्वर काय आहे हे सांगता येत नाही, तो काय नाही एवढेच सांगता येते, असे पहिल्या शतकातील संत डायोनिसियस यांनी प्रतिपादिले’ अशा आशयाचे वाक्य वारंवार वाचनात येते आणि दर वेळी मन खट्टू होते, कारण त्या एका वाक्यात सुमारे साडेचारशे वर्षांच्या अंतराने होऊन गेलेली दोन माणसे एक करून टाकलेली असतात.

पहिला डायोनिसियस बायबलच्या वाचकांना ठाऊक आहेच. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने अथेन्समध्ये केलेले भाषण ऐकून ज्या मोजक्या लोकांनी विश्वास ठेवला, त्यांत ‘प्रेषितांची कृत्ये’च्या 17व्या अध्यायात त्याचे नाव येते. मराठी बायबल त्याला ‘दिओनुस्य अरीयपगकर’ म्हणते. या ‘कर’मुळे अरीयपग हे त्याचे गाव असावे असे वाटते, पण अरीयपग ही अथेन्समधली टेकडी आणि तिच्या नावाने ओळखली जाणारी न्यायसभा, आणि हा त्या सभेचा सभासद. पुढे तो अथेन्सचा पहिला बिशप झाला अशी परंपरा आहे. त्याने लिहिलेली एकही ओळ आपल्यापर्यंत आलेली नाही.

दुसऱ्याचे खरे नाव कोणालाच माहीत नाही. ‘ईश्वरी नामे’ आणि ‘गूढ ईश्वरविद्या’ यांसह चार ग्रंथ व दहा पत्रे ग्रीक भाषेत लिहिणारा हा विद्वान इ. स. 500च्या आसपास होऊन गेला आणि त्याने स्वतःला अरीयपगकर म्हणवले. एका पत्रात तो ख्रिस्ताच्या क्रूसमरणाच्या वेळचे ग्रहण आपण हेलिओपोलिसहून पाहिल्याचे सांगतो, तर दुसरे एक पत्र थेट पात्म बेटावरच्या योहानाला, म्हणजे ख्रिस्ताच्या शिष्याला, लिहितो. एवढी बारीक बतावणी असल्यावर वाचक फसले, यात त्यांचा दोष नाही.

मग ही बतावणी आहे हे कळले कसे? खरा प्रश्न इथेच आहे. ‘ईश्वरी नामे’च्या चौथ्या अध्यायात पापाचे, किंबहुना एकूणच अशुभाचे, विवेचन येते: अशुभाला स्वतःचे अस्तित्व नसते, ते शुभाच्या आधारानेच तग धरते, ते देवदूतांत नाही, जडद्रव्यातही नाही. हाच युक्तिवाद अथेन्समधला ख्रिस्तेतर तत्त्वज्ञ प्रोक्लस याने अशुभाच्या स्वरूपावरील आपल्या प्रबंधात केला होता आणि प्रोक्लसचा मृत्यू 485 सालचा. ह्यूगो कॉख आणि योझेफ श्टिगलमायर या दोन अभ्यासकांनी 1895 मध्ये स्वतंत्रपणे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून हे साम्य दाखवले. प्रोक्लसनेच उचलले नसेल कशावरून, असे कोणी विचारील. पण जडद्रव्य म्हणजेच अशुभ, हे तिसऱ्या शतकातला तत्त्वज्ञ प्लोटायनस याचे मत खोडून काढण्यासाठी प्रोक्लसने तो वाद सविस्तर मांडला आहे, तर डायोनिसियसच्या ग्रंथात त्याचा आटोपशीर गोषवारा आहे. आणि सहाव्या शतकापूर्वी या ग्रंथांचा उल्लेख कुठेच सापडत नाही. 532 साली कॉन्स्टँटिनोपलच्या वादसभेत एका पक्षाने या ग्रंथांचा आधार घेतला, तेव्हा इफिससचा बिशप हिपेशियस याने हाच मुद्दा काढला: हे ग्रंथ खरोखर इतके जुने असते, तर ते अथनेशियसला आणि सिरिलला, म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकांतल्या अलेक्झांड्रियाच्या विद्वान बिशपांना, ठाऊक नसते काय?

म्हणून मी ‘छद्म-डायोनिसियस’ हेच नाव वापरतो. ते वाचून कोणी त्या ग्रंथांनाच बनावट ठरवले, तर तेही मला पटत नाही. टोपणनाव उघडकीस आले म्हणून ‘गूढ ईश्वरविद्या’तल्या, ईश्वराच्या भेटीसाठी अंधारात शिरणाऱ्या मोशेचे गांभीर्य कमी होत नाही आणि तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने ‘ईश्वरी नामे’वर लिहिलेले भाष्यही वाया जात नाही.

पॅरिसचा हुतात्मा बिशप संत डेनिस हा तिसरा. तो तिसऱ्या शतकातला. नवव्या शतकात मठाधिपती हिल्दुइन याने त्याला या दोघांशी जोडून एकच चरित्र रचले. ती गुंतागुंत आता कोणी अभ्यासक करत नाही, पहिली मात्र अजून चालू आहे. ग्रंथसूचीत तरी अरीयपगकराची आणि छद्म-डायोनिसियसची नोंद वेगवेगळी असावी, आणि सर्व ग्रंथ दुसऱ्याच्याच नावाखाली यावेत.