दोन वर्षांच्या मुलाला वेगळी अ‍ॅक्टिव्हिटी लागते का?

घरात लहान मूल असलं की आईबाबांच्या डोक्यात एकच प्रश्न फिरत असतो, आज ह्याला काय करायला द्यायचं. मग मोबाईलवर आयडिया शोधायच्या, रंगीत कागद कापायचे, ट्रेमध्ये काहीबाही मांडायचं, अर्धा तास खपून सगळं तयार करायचं आणि मूल दोन मिनिटं त्यात हात घालून उठतं आणि तो ट्रे ज्या खोक्यातून आला त्या खोक्यात जाऊन बसतं. आपला पोपट होतो. पण एक ते पाच वर्षांच्या मुलांवर झालेले प्रयोग वाचत गेलं की माझं तरी मत असं झालंय की ह्या वयात नवीन काहीतरी मांडून देण्यापेक्षा मूल आधीच काय करतंय ते ओळखणं आणि त्यात नको तिथे लुडबुड न करणं, हे जास्त कामाचं आहे.

सगळ्यात आधी तो चमचा घ्या. खुर्चीत बसवलेलं बाळ चमचा खाली टाकतं, आपण उचलून देतो, ते परत टाकतं, आपण परत देतो, आणि पाचव्यांदा आपला आवाज चढतो. २०१५ साली एमी स्टाल आणि लिसा फायगेनसन ह्या दोघींनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ११ महिन्यांच्या बाळांना चक्क जादूचे प्रयोग दाखवले. एका प्रयोगात उतारावरून सोडलेला बॉल भिंतीतून आरपार गेल्यासारखा दिसायचा, दुसऱ्यात खेळण्यातली गाडी कडेच्या पुढे गेली तरी खाली न पडता हवेत तशीच थांबायची. नंतर तीच वस्तू आणि एक नवीन खेळणं असं दोन्ही बाळांपुढे ठेवलं. ज्यांनी भिंतीची जादू बघितली होती ती बॉल घेऊन टेबलावर आपटायला लागली, म्हणजे हा खरंच टणक आहे का ते बघायला, आणि ज्यांनी हवेतली गाडी बघितली होती ती गाडी सोडून सोडून बघायला लागली. ज्यांना नेहमीसारखं काहीतरी दाखवलं होतं त्यांना त्या वस्तूचं एवढं काही वाटलं नाही. म्हणजे एक वर्ष पण पूर्ण न झालेल्या बाळाला वस्तूंनी कसं वागायला हवं ह्याची अपेक्षा असते, ती मोडली की ते चक्रावतं आणि नेमकं जे खटकलं तेच तपासतं. आता घरातला चमचा काही हवेत थांबत नाही, त्यामुळे रोजचा चमचा म्हणजे अगदी हाच प्रयोग असं मी म्हणणार नाही, आणि त्यात आपण वाकून उचलतो ही गंमत पण असतेच. पण आपटणं, टाकणं, सोडणं ह्यात नुसता हट्ट नसतो एवढं नक्की. ठणकन वाजणारा चमचा, पडल्यावर आवाजच न करणारा रुमाल आणि घरंगळत जाणारा बॉल अशा तीन वस्तू हातात दिल्या तर तेवढं पुरतं, अजून ट्रे नको.

चालायला लागलेल्या मुलांचं पण असंच आहे. उगाच इकडून तिकडे फिरतात, एक चप्पल उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन टाकतात आणि परत येतात. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या टीमने २०१२ मध्ये १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची मोकळं खेळताना पावलं मोजली. तासाला सरासरी २,३६८ पावलं, जवळपास ७०० मीटर अंतर आणि १७ वेळा पडणं! हे एका तासाचं आहे हे परत एकदा सांगते. एवढी प्रॅक्टिस कुठल्या खेळाडूला पण जमणार नाही आणि ही सगळी कोणी न सांगता चाललेली असते. त्यामुळे 'आज ह्याने दिवसभर काहीच केलं नाही' असं वाटलं तर तो किती पडला आणि किती उठला ते आठवायचं. आपलं काम काय, तर टेबलाचे टोकदार कोपरे झाकायचे, निसरडी फरशी पुसून घ्यायची आणि थोडी मोकळी जागा करून द्यायची.

आता घरकाम. माझ्या मते ह्याच्याएवढी भारी अ‍ॅक्टिव्हिटी दुसरी नाही आणि आपण नेमकं तेच मूल झोपल्यावर उरकतो. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो ह्यांनी २००६ मध्ये १८ महिन्यांच्या मुलांसमोर एक साधा प्रसंग उभा केला. अनोळखी मोठा माणूस दोरीवर कपडे वाळत घालतोय, त्याच्या हातून चिमटा खाली पडतो, तो हात लांब करतो पण पोचत नाही. तो मागत नाही, बक्षीस नाही, शाबासकी नाही. तरी मुलं उठून जायची आणि चिमटा आणून द्यायची. दुसऱ्या प्रसंगात त्याच माणसाचे दोन्ही हात भरलेले असायचे आणि तो बंद कपाटावर धडकायचा, तर मुलं जाऊन कपाटाचं दार उघडून द्यायची. अशी बरीच कामं होती आणि २४ पैकी २२ मुलांनी निदान एका कामात तरी मदत केली. ह्यातली खरी मजा पुढे आहे, त्या माणसाने चिमटा मुद्दाम खाली टाकला असेल तर मुलं सहसा उचलायला जायची नाहीत. म्हणजे दीड वर्षाच्या मुलाला 'ह्याला हे हवंय आणि जमत नाहीये' आणि 'ह्याने हे मुद्दाम केलंय' ह्यातला फरक कळतो, बोलता चार शब्द येत असले तरी.

म्हणून कपडे वाळत घालताना चिमटे मुलाच्या हातात द्यायचे. धुतलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावायला सांगायचं, ह्यात रंग आला, मोठं-लहान आलं, सारखं-वेगळं आलं, शाळेत नंतर ज्याला वर्गीकरण म्हणतात ते सगळं आलं. बकेटमधून मगाने पाणी काढून झाडाला घालणं, सांडलेलं फडक्याने पुसणं, बटाटेवड्याएवढा फडक्याचा बोळा पिळायचा प्रयत्न करणं, ह्यात मनगटाची आणि बोटांची ताकद लागते, जी पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडते. काम नीट होणार नाही हे धरूनच चालायचं. पुसलेली फरशी आपण नंतर परत पुसायची, पण त्याच्यासमोर लगेच नाही. आणि पाणी असेल तिथे मुलाला एक मिनिट पण एकटं सोडायचं नाही, काही सेंटीमीटर पाण्यात पण लहान मूल बुडू शकतं. तसंच तीन वर्षांच्या आत तोंडात जातील अशा बारक्या वस्तू खेळात नकोत, बटणं आणि मणी नंतर.

मदत केली की काहीतरी द्यायचं का? इथे जरा थांबायला हवं कारण आपल्याला सवय असते, हे कर मग तुला स्टिकर. वार्नेकेन आणि टोमासेलोंनीच २००८ मध्ये २० महिन्यांच्या मुलांवर पुढचा प्रयोग केला. काही मुलांना मदत केल्यावर दर वेळी खेळायची वस्तू दिली, काहींना काहीच दिलं नाही. नंतर बक्षीस बंद केल्यावर बक्षिसाची सवय लागलेली मुलं बाकीच्यांपेक्षा कमी मदत करायला लागली. त्याच्याही आधी, १९७३ मध्ये, मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या तीन ते पाच वर्षांच्या अशा मुलांना घेतलं होतं ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल, दुसऱ्याला नंतर अचानक दिलं, तिसऱ्याला दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी पेनं वर्गात नुसती ठेवली तेव्हा आधी कबूल केलेल्या गटातली मुलं त्या पेनांकडे बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ वळली. अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही. म्हणजे बक्षीस वाईट असं नाही, दात घासण्यासारख्या नावडत्या गोष्टीला स्टिकर लावा खुशाल, पण जे मूल स्वतःहून करतंय त्यावर सौदा करू नये.

खेळण्यांचं सांगायचं तर कमीच बरी. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी १८ ते ३० महिन्यांच्या ३६ मुलांना एकदा चार खेळण्यांसोबत आणि एकदा सोळा खेळण्यांसोबत पंधरा पंधरा मिनिटं खेळू दिलं. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि एकाच खेळण्याशी जास्त प्रकारांनी खेळली. तेव्हा घरातली निम्मी खेळणी बॅगेत भरून माळ्यावर टाकायची आणि काही दिवसांनी अदलाबदल करायची. विसरलेलं खेळणं मुलाला नव्यासारखंच असतं, आणि आपल्याला आवरायला पण कमी.

नवीन खेळणं आणल्यावर आपण काय करतो, 'बघ हं, असं दाबायचं, मग वाजतं'. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ह्यावरच बोट ठेवलं. त्यांनी नळ्या जोडून एक विचित्र खेळणं बनवलं, त्यात चार गुपितं होती, एक नळी ओढली की चूं वाजायची, एकीत लाईट लागायचा, एकीतून सूर निघायचा आणि एका नळीत आरसा लपलेला. काही मुलांना बाईंनी शिकवल्यासारखं सांगितलं, बघा हे असं चालतं, आणि नळी ओढून आवाज दाखवला. काही मुलांसमोर बाईंचा हात चुकून लागला आणि आवाज आला असं केलं. ज्यांना शिकवलं ती तोच आवाज परत परत काढत बसली आणि लवकर कंटाळली, दुसऱ्यांनी खेळणं उलटंपालटं करून जास्त गोष्टी शोधल्या. मुलांचं लॉजिक पण बरोबरच आहे ना, एवढी जाणकार व्यक्ती मुद्दाम दाखवतेय तर अजून काही असतं तर तिने दाखवलं असतं. शिकवणं वाईट असा ह्याचा अर्थ काढू नका, गॅसला हात लावायचा नाही हे शोधून काढायला सोडता येत नाही. पण जिथे धोका नाही तिथे नुसतं 'अरे, हे काय आहे?' म्हणून पुढे सरकवायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं.

एकच गोष्ट दहा दहा वेळा वाचायला लावणं, ह्याने वैतागलेल्या आईबाबांसाठी पण थोडा दिलासा आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या टीमने २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांना गोष्टींमधून नवे शब्द ऐकवले. शब्द किती वेळा कानावर पडणार ते सगळ्यांना सारखंच ठेवलं, फरक एवढाच की काहींना तीच गोष्ट परत परत आणि काहींना दर वेळी वेगळी. तीच गोष्ट ऐकलेल्यांना शब्द जास्त चांगले लक्षात राहिले. पुढे काय होणार हे माहीत झालं की लक्ष शब्दांकडे द्यायला मोकळं होत असणार. त्यामुळे पानं गाळून गोष्ट लवकर संपवायची चलाखी करू नका, तसंही ते पकडलं जातंच.

तीन ते पाच वर्षांचं मूल असेल तर दोन खेळ घरी जरूर करून बघा, ह्यांना सामान काही लागत नाही. पहिला जाँ पियाजे ह्या स्विस मानसशास्त्रज्ञाचा. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी घ्या, मुलाकडून 'सारखं आहे' असं कबूल करून घ्या, मग त्याच्यासमोरच एका ग्लासातलं पाणी उंच अरुंद ग्लासात ओता आणि विचारा आता कशात जास्त. बहुतेक मुलं उंच ग्लासाकडे बोट दाखवतात. पाणी परत ओतलं की सारखं, उंच ग्लासात घातलं की जास्त, आणि ह्यात त्यांना काहीही विचित्र वाटत नाही. पियाजे म्हणायचे की साधारण सात वर्षांपर्यंत ही समज पक्की होत नाही. पण १९७०च्या दशकात एडिनबरामध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन ह्यांनी अशाच एका प्रयोगात गंमत केली, समोर मांडलेल्या वस्तूंची रांग मोठ्या माणसाऐवजी एका खोडकर टेडीने विस्कटली, तर बरोबर उत्तर देणाऱ्या मुलांची संख्या खूप वाढली. मोठा माणूस मुद्दाम काहीतरी बदलतो आणि तोच प्रश्न परत विचारतो, म्हणजे उत्तर बदललं असणार, असं मुलांना वाटत असावं. तेव्हा घरी एकदा स्वतः ओता आणि दुसऱ्या दिवशी बाहुलीकडून ओतून घ्या. उत्तर चुकलं तर लगेच दुरुस्त करायला जाऊ नका, समजावून सांगितलं तर मूल मान डोलवेल आणि मनात तेच ठेवेल.

दुसरा खेळ खडूच्या डब्याचा. मूल बघत नसताना खडूच्या डब्यात चमचा ठेवा, मग विचारा ह्यात काय आहे, ते म्हणेल खडू. उघडून दाखवा, झाकण लावा, आणि आता विचारा, बाबांनी हा डबा अजून उघडलेला नाहीये, त्यांना काय वाटेल ह्यात काय आहे? तीन वर्षांचं मूल बिनधास्त सांगतं, चमचा. त्याहून भारी म्हणजे 'तुला आधी काय वाटलं होतं' असं विचारलं तरी चमचाच म्हणतं, आत्ता दोन मिनिटांपूर्वी खडू म्हणाल्याचं त्याच्या लेखी झालेलंच नसतं. ते खोटं बोलत नाहीये, दुसऱ्याच्या डोक्यात किंवा आपल्याच आधीच्या डोक्यात आत्ताच्यापेक्षा वेगळी, चुकीची माहिती असू शकते हे त्याला अजून पकडता येत नाही. साधारण चार ते पाच वर्षांच्या दरम्यान हे जमायला लागतं. एकदा हे कळलं की 'तू मघाशी काय कबूल केलं होतंस' असं तीन वर्षांच्या मुलाशी भांडण्यात किती दम असतो ते पण कळतं. उत्तर तारखेसकट कुठेतरी लिहून ठेवा आणि चार-पाच महिन्यांनी वेगळा डबा, वेगळी वस्तू घेऊन परत विचारा.

राहिला स्क्रीनचा विषय, तो थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत बसून स्क्रीन बघणं नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तम. त्यातच एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसभरात ११ ते १४ तास झोप आणि तीन-चार वर्षांच्यांना १० ते १३ तास झोप हवी असंही आहे, आणि एक ते चार वर्षांच्या सगळ्यांना दिवसात मिळून १८० मिनिटं हालचाल. ही १८० मिनिटं ऐकून घाबरायचं काही कारण नाही, त्यात चप्पल घेऊन ह्या खोलीतून त्या खोलीत जाणं पण धरलेलं आहे.