जाळीचे कोपरे का जळतात? मिन आणि मॅक्स पॉवरविषयी आमच्या ग्राहकांसाठी

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून लेसर कटिंग मशीनवर एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पाट्यांच्या) मखरांचे काम वाढले, आणि गणपतीच्या आधी आम्हाला येणारे बहुतेक फोन एकाच तक्रारीचे असतात. जाळीच्या सरळ रेषा स्वच्छ कापल्या जातात, पण कोपरे काळे पडतात. किंवा कोपऱ्यात तुकडा अडकून राहतो आणि तो कटरने सोडवावा लागतो. लेसर किरण तयार करणारी ट्यूब गेली असे समजून ग्राहक तंत्रज्ञाला बोलावतात. प्रत्यक्षात बहुधा लेयरच्या (एकाच सेटिंगने कापायच्या रेषांच्या गटाच्या) सेटिंगमधले दोन आकडे चुकलेले असतात: मिन आणि मॅक्स, म्हणजे कमीत कमी आणि जास्तीत जास्त पॉवरची टक्केवारी.

किरण सोडणारे हेड कोपऱ्याजवळ आले की त्याचा वेग उतरतो आणि दिशा बदलल्यावर पुन्हा चढतो. त्या क्षणी पॉवर तेवढीच राहिली, तर एकाच जागी जास्त उष्णता पडून लाकूड जळते. म्हणूनच मशीन चालवणारा कंट्रोलर वेगाबरोबर पॉवरही उतरवतो: पूर्ण वेगाला मॅक्स, आणि वेग स्टार्ट स्पीडपर्यंत (हालचाल सुरू होण्याच्या, कंट्रोलरमध्ये भरलेल्या वेगापर्यंत) आला की मिन. मिन आणि मॅक्समध्ये एकच आकडा भरला की ही सोय बंद पडते. उलट मिन फार खाली, म्हणजे ५ टक्क्यांवर ठेवली, तर काचेची सीओटू ट्यूब तेवढ्यावर पेटतच नाही आणि कोपरा न कापताच राहतो.

३ मिमी एमडीएफसाठी तुमची मॅक्स ६० असेल, तर मिन ५० पासून सुरू करून टाकाऊ तुकड्यावर लहान चौकोन कापत दोन-दोनने खाली या. कोपरा सुटेनासा झाला की दोनने वर जा. तोच तुमच्या ट्यूबचा आकडा. शेजारच्या दुकानातला आकडा उतरवून घेऊ नये, कारण प्रत्येक ट्यूब वेगळी असते आणि वापराबरोबर बदलतही जाते. जाड अ‍ॅक्रिलिक मात्र इतक्या कमी वेगाने कापले जाते की लेयरचा वेग स्टार्ट स्पीडच्याही खाली असतो. तेव्हा कंट्रोलर केवळ मिनच वापरतो, म्हणून तेथे दोन्ही आकडे सारखेच ठेवावेत.

कोपरा सुटत नाही म्हणून मॅक्स वाढवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. टक्केवारी म्हणजे वॉट नव्हे. पॉवर सप्लायने ट्यूबला किती करंट द्यावा याचा तो इशारा असतो. ट्यूबच्या मर्यादेपलीकडे करंट गेला की कापण्यात फारशी भर पडत नाही, ट्यूबचे आयुष्य मात्र घटते. "पूर्ण पॉवरचे पैसे दिले, मग ७० वर का अडवता?" असे अनेकजण विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे, पण मशीन बसवताना करंट मोजणारा मिलिअँपमीटर पाहून आम्ही ही मर्यादा घालतो, ती तुमची ट्यूब टिकावी म्हणूनच. सरळ रेषाही कापली जात नसेल, तर पॉवरला हात लावण्याआधी लेन्स आणि आरसे पुसा, फोकस तपासा आणि ट्यूब थंड ठेवणाऱ्या चिलरमधल्या पाण्याचे तापमान पाहा.

भेटीची वेळ देण्याआधी आम्ही सेटिंगच्या स्क्रीनचा फोटो मागतो. काहींना ती टाळाटाळ वाटते, पण आकडे फोनवरच दुरुस्त झाले तर तुमचे भेटशुल्क वाचते आणि मशीनही दिवसभर बंद राहत नाही. नवीन ट्यूब आमच्याकडून घेतल्यास तुमच्याच जाळीची फाइल तिच्यावर कापून दोन्ही आकडे काढून देतो. मात्र ही फाइल श्रावण लागण्याआधी पाठवावी.