पोथीच्या शेवटी लिहिलेला वार

‘पाच हजार वर्षांपूर्वी लिहिलेली ऋग्वेदाची पोथी’ असा एक फोटो सध्या व्हॉट्सअॅपवर फिरतोय. फोटोतली पोथी चक्क कागदाची आहे! ग्रंथाचं वय वेगळं, प्रतीचं वेगळं. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ज्या ३० हस्तलिखितांची युनेस्कोने २००७ साली नोंद घेतली, त्यांतलं सर्वांत जुनं सन १४६४चं आहे.

प्रतीचं वय ठरतं ते हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीत. पत्रं (पोथीची सुटी पानं) किती, पानावर ओळी किती, ओळीत अक्षरं किती, कुठली अक्षरं हरताळ हा पिवळा रंग लावून झाकलीत (‘हरताळ फासणे’ तिथलंच), सगळं त्यात टिपलेलं असतं. माझा जीव मात्र अडकतो पुष्पिकेत, म्हणजे लेखनिकाने शेवटी लिहिलेल्या चार ओळींत: शके, संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार.

यातला वार फार मोलाचा. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्राचा वेग बदलतो, म्हणून तिथीही लहानमोठी होते. सूर्योदयाला जी चालू, ती त्या दिवसाची. वार मात्र चंद्राकडे न बघता सातांच्या फेऱ्यात फिरतात. बारा चांद्रमासांचे दिवस साधारण ३५४. सातने भागा, बाकी ४. म्हणून तीच तिथी पुढच्या वर्षी बहुधा चार वार पुढे पडते. गुढीपाडवा २०२२ला शनिवारी होता, २०२३ला बुधवारी. मध्ये अधिक मास आला की दिवस ३८४, बाकी ६. म्हणून २०२४चा पाडवा मंगळवारी. शकाचा आकडा एकाने चुकला तरी वार सहसा ती चूक उघडी पाडतो. वार जुळला नाही, तर सूचीकार शक गत (पूर्ण झालेली वर्षं मोजणारा) की वर्तमान (चालू वर्ष धरून मोजणारा), आणि कृष्णपक्ष असेल तर मास अमान्त (अमावास्येला संपणारा) की पूर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारा), हे बदलून पुन्हा गणित मांडतो. तो दिवस शुभ होता की अशुभ, याचा या गणिताशी काडीचाही संबंध नाही.

पण वार जुळूनही फसगत होते. ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’ (जसं पुस्तक पाहिलं तसं मी लिहिलं) म्हणणारे काही लेखनिक जुन्या प्रतीची पुष्पिकाही मक्षिकास्थाने मक्षिका उतरवतात, तारखेसकट! मग पत्र उजेडासमोर धरायचं. विलायती कागद असेल तर जलचिन्ह (वॉटरमार्क) दिसतं, कधी त्यात सालही असतं. पुष्पिकेत शके १७००, म्हणजे सन १७७८, आणि कागदात १८२४ दिसलं, तर हातातली प्रत १८२४च्या आधीची असूच शकत नाही.