परिसरनिष्ठ विकास सिद्धांत व खेळाडूची घडण (बेळगाव सीमाभाग)

वरच्या दर्जाच्या खेळाडूला मदत म्हटली की खुराक, व्यायाम, दुखापतीवरचे उपचार आणि अलीकडे मानसतज्ज्ञ, एवढे डोळ्यांपुढे येते. परिसरनिष्ठ दृष्टी खेळाडूभोवतीची माणसे व व्यवस्था, आणि विशेषतः त्यांचे एकमेकांशी असलेले संबंध तपासते. तिचा पाया मॉस्कोत जन्मलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ यूरी ब्रॉन्फेनब्रेनर (१९१७–२००५) यांनी घातला. १९७९ साली त्यांनी विकासाचा परिसर एकात एक बसलेल्या चार थरांत मांडला. काळाचा थर पुढे जोडला.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पैलवान पोराला लावून पाहिले तर पहिला थर म्हणजे घर, शाळा आणि तालीम. दुसरा या तिघांतले दुवे : वस्ताद घरी येऊन आईवडिलांशी बोलतो का, परीक्षा आणि जत्रेचे मैदान एकाच आठवड्यात आले तर गुरुजी काय करतात. तिसऱ्या थरात पोरगा स्वतः नसतोच. कारखान्याकडून उसाचे बिल थकते आणि त्याचे बदाम-दूध कमी होते. निपाणीकडे आईची विड्या वळण्याची मजुरी थकली की तेच होते. चौथा थर संस्कृतीचा : गावाला तालमीचा अभिमान असतो, पण ती परंपरेने पुरुषांची. बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ब्राँझपदक मिळवले तेही तालमीतल्या कुस्तीत नव्हे, तर कुराश या मध्य आशियाई कुस्तीप्रकारात.

ब्रॉन्फेनब्रेनर यांनी पुढे रोजच्या, दीर्घकाळ चालणाऱ्या आणि हळूहळू अवघड होत जाणाऱ्या देवाणघेवाणीला विकासाचे इंजिन मानले. तालमीतली जोड याहून वेगळी नाही. वस्ताद आज कोणाशी लढत लावतो आणि महिन्याने त्याहून तगडा गडी कधी देतो, यावर पोरगा पुढे जाणार की मोडणार हे ठरते. हे वस्तादांना सिद्धांताआधीच ठाऊक होते.

खेळाच्या क्षेत्रात ही दृष्टी डेन्मार्कचे क्रिस्तोफर हेन्रिक्सन व सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास नेली. त्यांनी एकेका गुणी खेळाडूऐवजी सातत्याने खेळाडू घडवणारी ठिकाणे अभ्यासली. नोर्डिक देशांतली ही ठिकाणे पैशापेक्षा एकमेकांना धरून राहिल्याने वेगळी ठरत होती.

सीमाभागात हे धरून राहणेच अडते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूरकडे (आजच्या कर्नाटकाकडे) गेले. निपाणीच्या पोराला जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा कोल्हापूर जवळ, त्यामुळे तो तिथल्या तालमीत राहतो. वसतिगृह, शिष्यवृत्ती, नोकरीतली जागा मात्र कर्नाटकाकडे मागायची. शाळा मराठी, सरकारी अर्ज कन्नड. अशा पोराला आणखी एक आहारतज्ज्ञ देण्याआधी तो अर्ज वाचून भरून देणारा कोणी लागतो. आज हे काम बहुधा थोरला भाऊ किंवा मामा करतो.