‘ब्लेस युअर हार्ट’च्या मागे : अमेरिकी दक्षिणेतल्या अदबीची पार्श्वभूमी

मार्च २०१६ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात, एका उमेदवाराने ट्विटरवर दक्षिण कॅरोलिनाच्या राज्यपालांवर तोंडसुख घेतलं. राज्यपाल बाईंनी तिथेच उत्तर दिलं, अवघ्या तीन शब्दांचं : ‘ब्लेस युअर हार्ट’. देव तुझं भलं करो. बाहेरच्यांना वाटलं, काय ही सोशिक बाई. दक्षिणेतल्या लोकांनी मात्र टाळ्या पिटल्या. आपल्याकडे ज्याला शालजोडीतला म्हणतात, तोच हा प्रकार होता.

हे तीन शब्द मुळात दक्षिणेचे नाहीत. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या लिखाणात ते सापडतात आणि तिथे त्यांचा अर्थ सरळ आहे. दक्षिणेतही ते आजारी माणसाला, पोराबाळांना, घरात माणूस गेलेल्यांना मनापासून म्हटले जातात. टी-शर्टवर आणि कॉफीच्या कपांवर छापला जातो तो अर्थ म्हणजे फक्त टोमणा, पण रोजचा वापर या दोन्हींच्या मधला आहे. ‘बिचारीला स्वयंपाक अजिबात जमत नाही, ब्लेस हर हार्ट’ : वाक्याला हे शेपूट लावलं की चहाडीचं पाप धुऊन निघतं. ‘या ना एकदा घरी’ या आमंत्रणाचंही तसंच. तारीख-वार ठरला नसेल तर ते आमंत्रण धरायचं नसतं, हे आपल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

या गोडव्याचा उगम साधारणपणे मळेवाल्या जमीनदारांच्या ‘इभ्रती’त शोधतात. त्यात तथ्य आहे. शब्द वर्मी लागला तर पिस्तूल निघण्याची शक्यता असलेल्या समाजात माणसं जपून बोलतात. दक्षिण कॅरोलिनाच्या एका माजी राज्यपालाने १८३८ मध्ये द्वंद्वयुद्धाच्या नियमांची पुस्तिकाच छापली होती. केंटकीत तर आजही पदाची शपथ घेताना आपण द्वंद्वयुद्ध केलेलं नाही असं सांगावं लागतं. ही इभ्रत अंगात किती मुरली आहे, हे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या, मिशिगनमधल्या विद्यार्थ्यांवरच्या काही प्रयोगांत दिसलं. एका प्रयोगात अरुंद बोळातून समोरून एक धिप्पाड माणूस सरळ चालत येई, आणि विद्यार्थी किती अंतरावर बाजूला होतो हे मोजलं जाई. एरवी दक्षिणेतले विद्यार्थी सुमारे नऊ फुटांवरच अदबीने वाट देत, उत्तरेकडच्यांपेक्षा कितीतरी आधी. पण थोडं आधी कुणी त्यांना खांदा मारून शिवी दिली असेल, तर तेच विद्यार्थी तीन फुटांपर्यंत हटत नसत. उत्तरेकडच्यांना शिवीने फारसा फरक पडत नव्हता.

पण इभ्रतीची ही गोष्ट अर्धीच आहे, आणि पर्यटन खात्यांना सोयीची आहे. ती गोऱ्या माणसांची आपसातली अदब झाली. गुलामगिरी संपल्यानंतरच्या शंभर वर्षांत दक्षिणेत अदबीचा दुसरा, न छापलेला नियमसंच चालत होता. त्यात मुख्य प्रश्न कुणाला कुठलं संबोधन द्यायचं, हा होता. गोऱ्या बाईला ‘मिस’ किंवा ‘मिसेस’ आणि वाक्यागणिक ‘मॅम’. कृष्णवर्णीय बाईला नुसतं पहिलं नाव; वय झालं की ‘आँटी’. पुरुषाला साठीतही ‘बॉय’, फारच म्हातारा झाला तर ‘अंकल’. रेल्वेच्या शयनयानातल्या कृष्णवर्णीय सेवकांना तर प्रवासी सर्रास ‘जॉर्ज’ अशी हाक मारत, कारण डबे बनवणाऱ्या कंपनीच्या मालकाचं नाव जॉर्ज होतं. १९६३ साली मार्टिन ल्यूथर किंग यांनी अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या त्या प्रसिद्ध पत्रात, आमच्या बायकांना आणि आयांना ‘मिसेस’ कधीच म्हटलं जात नाही, ही तक्रार आहे, आणि ती मारहाण आणि झुंडबळींच्या बरोबरीने, एकाच लांबलचक वाक्यात आली आहे. गण्या-म्हाद्या कोण आणि गणपतराव-महादेवपंत कोण हे ज्या भाषेत जातीवरून ठरत होतं, ज्या गावांत काहींना ‘जोहार’च घालावा लागत होता, त्या भाषेच्या वाचकाला हे वाक्य लांबचं वाटू नये.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये अलाबामातल्या गॅड्सडन गावी हा न छापलेला नियम कोर्टाच्या कागदावर उतरला. नागरी हक्कांच्या निदर्शनांत पकडलेल्या एका तरुण कृष्णवर्णीय कार्यकर्तीची साक्ष चालू होती. सरकारी वकिलाने तिला पहिल्या नावाने, ‘मेरी’ म्हणून प्रश्न विचारला. नीट संबोधल्याशिवाय उत्तर देणार नाही, असं तिने सांगितलं. तिला ‘मिस’ आणि आडनाव हवं होतं. न्यायाधीशांनी उत्तर देण्याचा हुकूम केला, ती ढळली नाही. कोर्टाचा अवमान झाला असं ठरलं : पाच दिवस कैद आणि पन्नास डॉलर दंड. कैद तिने भोगली, दंड भरायला नकार दिला.

राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने ही शिक्षा कायम ठेवली. दप्तरातल्या नोंदीनुसार या बाईचं नाव मेरी अमुक आहे, ‘मिस मेरी अमुक’ नव्हे, असं त्या न्यायालयाचं म्हणणं. युक्तिवाद व्याकरणदृष्ट्या बिनचूक आहे, आणि त्याच चालीने पाहिलं तर न्यायाधीशांचं नावही ‘युअर ऑनर’ नव्हतं. दक्षिणेतल्या कोर्टांत गोऱ्या साक्षीदारांना ‘मिस्टर-मिसेस’ आणि कृष्णवर्णीयांना नुसतं नाव ही ठरलेली रीत आहे, हा खरा मुद्दा होता आणि त्याला या निकालात उत्तर नव्हतं.

मार्च १९६४ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पण कशी? तोंडी युक्तिवाद ऐकले नाहीत, कारणमीमांसा लिहिली नाही. आदल्या वर्षीच्या एका निकालाचा हवाला देऊन दोन ओळींत प्रकरण मिटवलं. तो निकाल कोर्टात गोऱ्यांसाठी राखलेल्या बाकांवर बसलेल्या कृष्णवर्णीय माणसाला झालेल्या शिक्षेबद्दलचा होता. म्हणजे संबोधनातला भेद हाही वेगळ्या बाकांसारखाच भेद आहे, हे फक्त हवाल्यावरून समजून घ्यायचं. तीन न्यायमूर्तींच्या मते हे प्रकरण हाती घ्यायचीही गरज नव्हती. आजही काही जण म्हणतात की संबोधनासारख्या किरकोळ बाबीसाठी एवढ्या वर जायला नको होतं. मला हे पटत नाही. बाब किरकोळ असती तर ‘मिस’ म्हणून वकील मोकळा झाला असता. न म्हणण्यासाठी एका माणसाला तुरुंगात घालावं लागलं, यावरूनच त्या शब्दाचं वजन कळतं. न्यायालयाने दोन परिच्छेद जास्त लिहिले असते, तर निकाल कायद्याच्या वर्गाबाहेरही लोकांच्या लक्षात राहिला असता.

पुढच्या काळात कोर्टांमध्ये, वर्तमानपत्रांमध्ये, बँकांच्या खिडक्यांवर ‘मिस्टर-मिसेस’ सगळ्यांना लागू झालं, आणि ते इतकं अंगवळणी पडलं की भांडणाचा विसर पडला. आज अटलांटात किंवा शार्लटमध्ये घर केलेल्या मराठी कुटुंबाला शेजारचं पोर ‘येस मॅम’ म्हणतं तेव्हा ते कौतुकाने घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. ‘मिस’ला पहिलं नाव जोडून शेजारच्या काकूंना हाक मारण्याची पद्धतही आता कृष्णवर्णीय आणि गोऱ्या, दोन्ही घरांत आपुलकीची मानली जाते. एकेकाळी मालकिणीला तशीच हाक मारणं नोकरांना भाग होतं.

बाजाराला जाग आली ती फार उशिरा. २०२० मध्ये, रस्त्यांवर वंशवादविरोधी आंदोलनं चालू असताना, पॅनकेकच्या पिठावरच्या ‘आँट’ला आणि तांदळाच्या खोक्यावरच्या ‘अंकल’ला निरोप द्यायचं त्या त्या कंपनीने जाहीर केलं. तांदळाच्या कंपनीने ‘अंकल’ काढलं आणि ‘बेन’ ठेवलं. म्हणजे उरलं ते नुसतं पहिलं नाव, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नसावं!

लुइझियानाने तर १९९९ मध्ये आदराचाच कायदा केला. शाळेतल्या मुलांनी शिक्षकांशी आणि कर्मचाऱ्यांशी बोलताना ‘सर’, ‘मॅम’ किंवा आडनावासह योग्य संबोधन वापरलंच पाहिजे. सुरुवात लहान वर्गांपासून झाली. समर्थकांच्या बोलण्यात ‘आपल्या जुन्या दक्षिणी संस्काराचा’ उल्लेख होता. सक्तीने आदर येतो का, असा विरोधकांचा सवाल होता. शिक्षकांनी मुलांना कसं संबोधावं याबद्दल मात्र कायद्यात काही नाही. मुलाने हा नियम मोडला तर शिक्षा करता येते, पण तेवढ्यासाठी त्याला शाळेतून निलंबित करता येत नाही किंवा काढून टाकता येत नाही.