ज्या गावी उतराल, त्या गावचं ताट : इटलीतल्या प्रादेशिक जेवणाची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोच्या समितीची बैठक भरली होती. अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आपली दिवाळी गेली ती याच बैठकीत, आणि इटलीची अख्खी स्वयंपाकपरंपराही तेव्हाच त्या यादीत आली. बातमी वाचून इटलीला निघालेल्या माणसाला वाटेल, की ‘इटालियन जेवण’ असं एक ठरलेलं ताट तिथे सगळीकडे वाढलं जात असेल. प्रत्यक्षात मिलानमध्ये समोर येतो लोण्यातला, केशर घातलेला रिसोट्टो (मऊसर भात), बोलोन्यात अंडी घालून लाटलेल्या ताल्यातेल्ले (पास्त्याच्या चपट्या पट्ट्या), जेनोवात बासिलच्या पानांची हिरवीगार चटणी पेस्तो, नेपल्समध्ये पिझ्झा आणि सिसिलीतल्या त्रापानीत माशाच्या रश्शाबरोबर कुसकुस, म्हणजे गव्हाच्या रव्याचे वाफवलेले कण. हा फरक कुठून आला ते ठाऊक असलं, की जेवायला बसताना काय मागवायचं हे आपसूक कळायला लागतं.

इटली हा देशच मुळात १८६१ सालचा. रोम त्यात आलं १८७० मध्ये. त्याआधी वायव्येला पिडमाँटचं राज्य होतं, मिलान आणि व्हेनिसवर ऑस्ट्रियाचा अंमल, मध्यभागी पोपची सत्ता आणि दक्षिणेत बोर्बन राजे. कर वेगळे, बोली वेगळ्या, जमीन तर वेगळीच. पो नदीच्या पाणथळ खोऱ्यात गाईगुरं आणि भात, म्हणून उत्तरेत लोणी, चीज, रिसोट्टो. दक्षिणेत ऊन, ऑलिव्ह आणि कडक ड्युरम गहू. उत्तरेतल्या बायका मऊ गव्हाच्या पिठात अंडी घालून ताजा पास्ता लाटत. दक्षिणेत ड्युरमचा रवा नुसत्या पाण्यात मळून वाऱ्यावर वाळवत. आपल्याकडे कुरडया-शेवया उन्हात पडतात त्यामागे जो विचार आहे, तोच तिथेही होता : टिकलं पाहिजे. सारण भरलेल्या पास्त्याचं नावही दर पन्नास किलोमीटरवर बदलतं. बोलोन्यात तोर्तेल्लीनी, पार्मात आनोलीनी, पिडमाँटमध्ये आन्योलोत्ती. आकार आणि सारण दोन्ही बदलतं, आणि आपलंच खरं असं प्रत्येक गावाचं म्हणणं असतं.

ज्या जिन्नसांवर ही ओळख उभी आहे, त्यातले कितीतरी बाहेरून आले. वाळवलेल्या पास्त्याचा जुना आणि पक्का उल्लेख अरब भूगोलकार अल-इद्रीसीचा आहे. सिसिलीच्या नॉर्मन राजासाठी ११५४ साली पुरा केलेल्या ग्रंथात तो लिहितो, की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात ‘इत्रिया’ भरपूर बनते आणि जहाजांतून दूरवर जाते. भाताबद्दल मिलानच्या ड्यूकने फेराराच्या ड्यूकला तांदळाच्या गोणी पाठवल्याचं १४७५ सालचं पत्र आहे. टोमॅटो अमेरिकेतून आला आणि कित्येक वर्षं लोक त्याच्याकडे संशयानेच बघत राहिले. त्याच्या सॉसची पहिली छापील इटालियन कृती नेपल्समध्ये १६९२ साली आली, तीही ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हणून. टोमॅटो पास्त्यावर पडायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. नेपल्सच्या लोकांना पालेभाज्यांवर जगणारे म्हणून शेजारी आधी ‘पालाखाऊ’ म्हणत, ‘मॅकरोनीखाऊ’ हे नाव नंतरचं.

मक्याची गोष्ट मात्र दुःखाची आहे. उत्तरेतल्या व्हेनेतो आणि लोंबार्दीच्या गरीब शेतकऱ्यांनी अमेरिकेतून आलेला मका घेतला, त्याच्या पिठाची पोलेंता नावाची घट्ट लापशी शिजवली आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकात वर्षानुवर्षं जवळपास तेवढ्यावरच दिवस काढले. पेलाग्रा नावाच्या रोगाने त्यांची कातडी सोलली जाई, जुलाब लागत, शेवटी भ्रम होई. हा रोग नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, आणि मक्यातलं नायसिन शरीराला सहज मिळत नाही. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवत, त्यामुळे ते मोकळं होई. इटलीत मका पोहोचला, ही रीत पोहोचली नाही. आपल्या दख्खनच्या पठारावरही ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांत हा रोग आढळला होता. आज व्हेनेतोत पोलेंताची वाटी समोर आली, की मला ते शेतकरी आठवतात. ‘गरिबाचं साधं, चविष्ट जेवण’ असं मेन्यूकार्डावर लिहिणं सोपं आहे. ते ज्यांनी खाल्लं त्यांच्यापुढे दुसरं काही नव्हतं.

एवढ्या विखुरलेल्या चुली एका पुस्तकात आणल्या त्या पेल्लेग्रीनो आर्तूझी या रेशमाच्या व्यापाऱ्याने. जन्म १८२०, गाव फोर्लिम्पोपोली. जानेवारी १८५१ मध्ये ‘पास्सातोरे’ नावाच्या दरोडेखोराने टोळीसह त्या गावच्या नाट्यगृहात प्रेक्षकांनाच ओलीस धरलं आणि घरं लुटली. आर्तूझींचं घरही लुटलं गेलं, त्या धक्क्याने बहिणीचं मानसिक संतुलन ढळलं, आणि कुटुंब फ्लॉरेन्सला आलं. तिथे व्यापारातून मोकळं झाल्यावर या अविवाहित माणसाने पाककृती गोळा केल्या. प्रकाशक मिळेना, तेव्हा सत्तरी गाठलेल्या आर्तूझीने १८९१ मध्ये पदरच्या पैशांनी एक हजार प्रती छापल्या. पुस्तकाचं नाव ‘स्वयंपाकातलं शास्त्र आणि चांगलं खाण्याची कला’. मग वाचकांची पत्रं येऊ लागली : आमच्याकडे हे असं करतात, तुमच्या कृतीत अमुक चुकलंय. तो त्या कृती घरच्या स्वयंपाक्यांकडून करवून बघे आणि पुढच्या आवृत्तीत घाली. पहिल्या आवृत्तीतल्या ४७५ कृती १९११ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत ७९० झाल्या. घरोघरच्या बायकांनी टपालाने लिहिलेलं पुस्तक, असंच मी त्याला म्हणेन. त्यात एमिलिया-रोमान्या आणि तोस्काना (बोलोन्या आणि फ्लॉरेन्सचे प्रदेश) यांना झुकतं माप आहे, दक्षिण फार थोडी आहे, हेही खरं.

प्रवाशासाठी प्रदेशवार खाण्याचा नकाशा तयार व्हायला आणखी चाळीस वर्षं गेली. मिलानच्या सायकलवाल्यांनी १८९४ मध्ये काढलेल्या तूरिंग क्लबने १९३१ साली देशाची खाद्य-मार्गदर्शिका छापली : कोणत्या गावी काय खावं, कोणती वाइन, कोणतं चीज. मोटारीने फिरणाऱ्यांनी ती हातात घेतली आणि गावांनाही आपल्या पदार्थाचा नव्याने अभिमान वाटू लागला. ‘परंपरा’ अशी ठरत गेली. बोलोन्यात तर १९७२ मध्ये शिजलेली ताल्यातेल्ला आठ मिलिमीटर रुंद असावी असं ठरवून सोन्याची एक ताल्यातेल्ला व्यापारी मंडळात ठेवण्यात आली. दुसरीकडे कार्बोनारासारखा (अंडी, चीज आणि खारवलेलं डुकराचं मांस घातलेला पास्ता) ‘प्राचीन रोमन’ समजला जाणारा पदार्थ दुसऱ्या महायुद्धानंतरचा निघतो. इटलीत छापलेल्या १९५४ सालच्या कृतीत तर त्यात लसूण आणि स्विस ग्रुयेर चीज आहे! यात फसवणूक झाली असं मला वाटत नाही. आपली पावभाजीही काही पेशव्यांच्या काळची नाही, म्हणून ती आपली कमी होत नाही.

दारावरच्या पाटीलाही इतिहास आहे. ‘ओस्तेरिया’ म्हणजे मूळ वाइन पाजण्याची जागा. जेवण लोक घरून आणत. बोलोन्यातली १४६५ पासूनची ओस्तेरिया देल सोले आजही तशीच चालते. तिथे स्वयंपाकघर नाही. शेजारच्या जुन्या बाजारातल्या गल्लीतून कागदात बांधलेला मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं सॉसेज), पाव, चीजचा तुकडा घ्यायचा, लांब लाकडी मेजावर पुडी सोडायची आणि फक्त पेय विकत घ्यायचं. ‘त्रात्तोरिया’ ही आपल्या खानावळीची बहीण : घरच्यांनी चालवलेली, पदार्थ मोजके. ‘रिस्तोरांते’ हा फ्रेंचांकडून आलेला शब्द आणि थाट. बिलात माणशी काही युरो ‘कोपेर्तो’ दिसतो, तो पाव, मेजावरचं कापड, भांडीकुंडी यांचा, टिप वेगळी. रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे तिथे २००६ च्या प्रादेशिक कायद्याने कोपेर्तोला मनाई आहे, मागवलेल्या पावाचे पैसे मात्र लागतात.

तोस्कानातली शेतघरं हा या इतिहासाचा मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग. तिथली जमीन शतकानुशतकं ‘मेत्साद्रिया’ने कसली जाई, म्हणजे आपल्याकडच्या अर्धेलीने : मालकाची जमीन, कुळाचे हात, पिकाची निम्मी वाटणी. उरलेल्या निम्म्यात मोठं कुटुंब जगायचं, त्यामुळे पावाचा तुकडाही वाया जात नसे. घेवडा, काळपट पानांची कोबी आणि शिळा पाव एकत्र शिजवायचा, दुसऱ्या दिवशी परत उकळायचा. म्हणून या सूपचं नाव ‘रिबोल्लीता’, पुन्हा उकळलेली. आपल्या फोडणीच्या पोळीमागचाच हिशेब. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण पोरं कारखान्यांकडे गेली, १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले, आणि टेकड्यांवरची दगडी घरं ओस पडली. त्यांना पुन्हा माणसं मिळाली ती ‘आग्रितुरिज्मो’मुळे. १९८५ च्या कायद्याने शेतकऱ्याला पाहुणे ठेवायला आणि आपल्या शेतातलं वाढायला परवानगी दिली. अट एकच महत्त्वाची : शेती मुख्य, पाहुणचार तिला जोड. ज्या घरात कूळ रिबोल्लीता पुरवून पुरवून खात होतं, तिथे आज पाहुणे तीच मागून घेतात.

लगेच पुढच्या वर्षी, १९८६ मध्ये, रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांच्या चौकात मॅकडोनाल्ड्स उघडलं. विरोध करणाऱ्यांनी तिथे लोकांना पेन्ने पास्ता वाटला. पिडमाँटच्या ब्रा गावच्या कार्लो पेत्रीनीच्या पुढाकाराने त्यातून ‘स्लो फूड’ चळवळ उभी राहिली, खूण गोगलगायीची. या चळवळीने नामशेष होत चाललेल्या वाणांच्या याद्या केल्या आणि गावोगावच्या साध्या ओस्तेरियांची मार्गदर्शिका काढली. आडगावच्या जेवणघरांना गिऱ्हाईक मिळालं त्यात तिचा वाटा मोठा आहे.

महाराष्ट्रातून जाणारे अनेक जण सहलीत रात्री वरण-भात मिळेल याची खात्री करून घेतात. शाकाहार सांभाळायचा तर ती काळजी समजण्यासारखी आहे. पार्मिजानो-रेज्जानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनेच (दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने) विरजतात, तसा नियमच आहे, आणि ते पेस्तोतही पडतं. घेवड्याच्या सूपमध्ये डुकराचं मांस असू शकतं. तेव्हा विचारून घ्यावं. पण दोन पदार्थ असे आहेत, की मराठी माणसाला ते अनोळखी वाटणारच नाहीत. पालेर्मोच्या रस्त्यावर हरभऱ्याचं पीठ पाण्यात घट्ट शिजवून, पाटवडीसारखं थापून, काप तळून, वर लिंबू पिळून पावात देतात. त्याला ‘पानेल्ले’ म्हणतात. आणि जेनोवात ‘शामाद्दा’ नावाच्या जुन्या भट्टीच्या दुकानांत हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढंच कालवून कल्हई केलेल्या तांब्याच्या मोठ्या गोल थाळ्यात पातळ ओततात आणि लाकडाच्या धगीत सरकवतात. कडा कुरकुरीत, मधे मऊ. ती ‘फारिनाता’ गरम असतानाच, वर मिरपूड घालून, हातात घेऊन खायची.